पडला, मोकळा, पडला

श्रीपादराव धोंडीबाला नऊ वर्षं ओळखत होते, असं ते लोकांना सांगत. धोंडीबा गेल्यावर त्याच्या मुलाचं, बुद्धभूषणचं, औरंगाबादहून पत्र आलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचायला वडिलांबद्दल चार ओळी लिहून पाठवाव्यात, आपण त्यांना जवळून ओळखत होतात, असं त्यात होतं. श्रीपादराव कागद घेऊन बारामतीच्या घराच्या पडवीत बसले आणि दुपार कलली तरी कागद कोराच राहिला.

धोंडीबाचं मूळ गाव कुठलं तेच त्यांना सांगता येईना. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक, एवढंच. नाव विचारायचं राहून गेलं होतं. त्याची बायको ताईबाई कशानं गेली, तो चहात साखर किती घालायचा, रविवारी शेड बंद असताना दिवसभर काय करायचा, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की तो बोटीचं मशीन दुरुस्त करायचा, आणि त्या मशीनच्या गिअरवरून एकदा जे झालं ते. ते पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं.

उजनीच्या फुगवट्याच्या काठी, इंदापूर तालुक्याच्या हद्दीत, गाळ मोजण्याचं एक लहानसं सरकारी केंद्र होतं. दोन खोल्यांचं ऑफिस, पत्र्याची शेड, पाण्यात उतरणारा दगडी घाट आणि एक बोट. श्रीपादराव तिथले भांडारपाल. रोज बारामतीहून एसटीनं यायचे आणि संध्याकाळी फाट्यावरून एसटीनंच परत जायचे. बोट चालवायला सर्जेराव होता. साहेब इंदापुरात बसत आणि मोजणीच्या दिवशी तेवढे येत. धोंडीबा शेडला लागून असलेल्या खोलीत राहायचा. सहाला सगळे गेले की तो, ते पाणी आणि हिवाळ्यात आले तर पक्षी. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली रेडिओ, आणि रेडिओवर कायम एक हातरुमाल झाकलेला.

मशीन बोटीच्या पाठीला बाहेरून टांगलेलं असायचं. वर इंजिनचं डोकं, खाली पाण्यात बुडणारा लांब पाय, पायाच्या तळाशी गिअरचा डबा आणि तीन पात्यांचा पंखा. गिअर टाकायची लिव्हर मात्र पुढे, चालवणाऱ्याच्या बाकाशेजारी. लिव्हर हलवली की तार मागे जायची, तार एका सळईला वर-खाली करायची, आणि ती सळई पायातून उतरून डब्यातला गिअर पाडायची. पुढचा, मोकळा आणि मागचा. मागचा गिअर म्हणजे बोटीचा ब्रेक. पाण्यात दुसरा ब्रेक नसतो.

मशीन नवं आलं तेव्हा मुंबईहून एक मिस्त्री चार दिवसांसाठी आला होता. धोंडीबा तोवर कोऱ्हाळे बुद्रुकच्या बाजूला विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत फिरायचा. चार दिवस तो त्या मिस्त्रीला मुकाट्यानं पाने देत राहिला. एक प्रश्न विचारला नाही. मिस्त्री गेला त्या दिवशी मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं सगळा पाय काढून ठेवला, एकेक वायसर सुद्धा. ती वही श्रीपादरावांनी पाहिली होती. चित्रं इतकी सुबक होती, की हा माणूस पुढे शिकला असता तर, असं त्यांच्या मनात आलं. तोंडानं मात्र ते म्हणाले, "वही भांडारात जमा करायला हवी खरं तर."

"करा की, भाऊसाहेब," धोंडीबा म्हणाला होता. "पर मंग मला बघाया तुमच्या परवानगीनं यावं लागंल."

आणि तो हसला होता. वही त्याच्याकडेच राहिली.

वर्षातून एकदा पाय उतरवावा लागायचा. इंजिन गार ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र बदलायचं, सील बदलायचं, डब्यातलं ऑइल काढून नवं भरायचं. सील खराब झालं की आत पाणी शिरून ऑइल ताकासारखं पांढरं यायचं. सील बदलायला गिअरची सळई फिरवून बाहेर काढावी लागे, आणि ती परत बसवताना तितकेच फेरे फिरवावी लागे. एखादा फेरा कमी-जास्त झाला की लिव्हर तिन्ही ठिकाणी झोकात जाते, पण खाली गिअर पुरता पडत नाही. लिव्हर धरणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. कळतं ते फक्त पंखा हातात धरून फिरवणाऱ्याला. गिअर पडला असेल तर पंखा अडतो, मोकळा असेल तर गरगर फिरतो.

शिवाय इंजिन बंद असताना लिव्हर हातानं दाबून धरावी लागे, सोडली की ती परत मधे यायची. म्हणून पाय बसवला की शेवटी दोन माणसं लागायची. धोंडीबा पुढे लिव्हरपाशी बसायचा, कारण तार ओढते की अडखळते ते त्याला स्वतःच्या हातानं बघायचं असे. मागे पंख्यापाशी सर्जेराव बसायचा आणि ओरडून सांगायचा. पडला. मोकळा. पडला. ऑफिसात बसून श्रीपादरावांना हे तीन शब्द ऐकू आले की मशीन झालं म्हणून ते वहीत लिहीत. सर्जेराव नसला की चार-पाच वेळा त्यांनीही पंखा धरला होता, जुना सदरा घालून. त्यासाठी धोंडीबानं शेडच्या कोनाड्यात साबणाची एक वडी ठेवली होती. स्वतः तो रॉकेलनं हात पुसायचा. साबण भाऊसाहेबांचा.

चहाचंही सांगायला हवं. एकदा काम संपल्यावर धोंडीबा म्हणाला होता, "बसा की खोलीत, च्या टाकतो." श्रीपादराव म्हणाले, एसटीची वेळ झाली. खरोखरच झाली होती. पुढे त्यानं आणखी तीन-चार वेळा विचारलं आणि दर वेळी एसटीचीच वेळ झालेली होती. मग त्यानं विचारणं सोडलं. ते खरंच एसटीमुळे होतं की आणखी कशामुळे, याचा उलगडा श्रीपादरावांना स्वतःलाही कधी झाला नाही. तो त्यांनी फार नेटानं करून पाहिला असंही नाही.

चौऱ्याण्णवच्या मार्चमधली गोष्ट. सर्जेराव भाचीच्या लग्नाला लोणी भापकरला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुण्याच्या दोन पाहुण्यांना घेऊन मोजणीला येणार होते. धोंडीबा पाय उघडून बसला होता आणि सळई फिरवत मोठ्यानं फेरे मोजत होता. तेवढ्यात टपाल आलं. श्रीपादरावांनी शेडच्या दारातून हाक मारली, "धोंडीबा, मुलाचं पत्र आहे तुमच्या."

मुलाचं पत्र वर्षात दोनदा यायचं. धोंडीबा उठला, हात पुसून पत्र घेतलं, वाचलं, खिशात ठेवलं. काय लिहिलंय ते श्रीपादरावांनी विचारलं नाही. तो परत जाऊन बसला तेव्हा पुन्हा मोजू लागला, पण कितीपासून, ते फक्त त्यालाच माहीत.

साडेपाचला तो ऑफिसच्या दारात आला. "भाऊसाहेब, पंखा धरता का? दोन मिंटाचं काम हाय."

त्या संध्याकाळी स्वरदाला, म्हणजे श्रीपादरावांच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी पांढराशुभ्र नवा शर्ट घातला होता. सहाची एसटी चुकली तर पुढची आठला. बायकोनं, श्यामलाबाईंनी, सकाळी दोनदा बजावलं होतं.

"उद्या सकाळी करू या का?"

"साहेब साताला येणार. सर्जेराव तर थेट घाटावरच येणार."

ते उठले. शेडमध्ये बोटीमागे जाऊन उकिडवे बसले. पंखा काळ्या ग्रीसनं माखला होता, डब्यावरून ऑइल ओघळत होतं. पुढून धोंडीबाचा आवाज आला. मधे मशीन होतं, त्याला ते दिसत नव्हते.

"फुडं टाकला."

श्रीपादरावांनी पंख्याकडे पाहिलं. मग आपल्या बाहीकडे.

"पडला," ते म्हणाले.

"मधी आनला."

"मोकळा."

"मागं."

"पडला."

पंख्याला त्यांनी बोट सुद्धा लावलं नव्हतं. दर वेळी तर हेच तीन शब्द येतात, आजही येणार, असं त्यांना वाटलं. वाटलं म्हणजे त्यांनी तसं वाटून घेतलं. ते उठून दाराकडे निघाले तेव्हा धोंडीबा बोटीतून म्हणाला, "अवो भाऊसाहेब, साबण हाय की कोनाड्यात."

"राहू दे, एसटी चुकेल."

एसटी मिळाली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि ते स्थळ काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते साडेदहाला पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. बोट गेली होती छान. परत येताना सर्जेरावनं घाट जवळ आल्यावर नेहमीसारखा मागचा गिअर टाकला आणि बोट थांबलीच नाही. सरळ दगडांवर चढली. खोली मोजायचं यंत्र पाण्यात गेलं, पाहुणे एकमेकांवर पडले आणि साहेबांचं मनगट मोडलं. सर्जेराव घाटावर बसून ज्याला त्याला सांगत होता, "मागचा गिअरच न्हाय! लिव्हर जातीया, गिअर न्हाय! बिनबैलाच्या गाडीवर बसवलं की मला!"

तीन दिवसांनी साहेब हात गळ्यात बांधून ऑफिसात आले. धोंडीबाला समोर उभं केलं. श्रीपादराव बाजूच्या टेबलाशी होते.

"पाय बसवल्यावर गिअर तपासला होता?"

"व्हय साहेब."

"पंखा फिरवून?"

"व्हय."

"पंखा कुणी धरला होता?"

धोंडीबानं मान वळवून श्रीपादरावांकडे पाहिलं. श्रीपादरावांनी समोरच्या साठ्याच्या वहीत पाहिलं. तिथे दोरखंड, जाकिटं, वल्ही अशी नावं होती. ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. आत्ता बोलावं, हे त्यांना कळत होतं. तोंड उघडायचं आणि दोन शब्द म्हणायचे. ते वही वाचत राहिले.

"माझंच काम हाय ते साहेब," धोंडीबा म्हणाला. "चूक माझी."

"उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही."

त्यानं वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी केली. तसबीर, रेडिओ, वही, पान्यांची पेटी. श्रीपादराव त्या दिवशी पाचलाच निघाले.

पुण्याहून मिस्त्री आला, पाय उतरवला आणि हसला. "सळई सव्वा फेरा कमी बसलीय, बाकी काही नाही. पंखा हातानं फिरवला असता तरी कळलं असतं. दोन मिनिटांचं काम."

"सांगा त्या धोंडीबाला," सर्जेराव म्हणाला, आणि श्रीपादराव भांडारात जाऊन उगाच वल्ही मोजत बसले.

धोंडीबा नरसिंहपूरला गेल्याचं पुढे कळलं. भीमा आणि नीरा मिळतात त्या काठावर पाणी उपसायचे पंप दुरुस्त करतो, कुणाची बोट असली तर तीही. मुलगा औरंगाबादला बोलावतोय पण जात नाही, असं सर्जेरावनं सांगितलं. नरसिंहपूर काही दूर नव्हतं. इंदापूरहून एसटी होती. श्रीपादराव रोज ठरवत, या रविवारी जाऊ. तीन वर्षं असे रविवार गेले. शेडमधून ते तीन शब्द येणंही बंद झालं होतं, कारण आता मशीन पुण्यालाच जायचं. कोनाड्यातली साबणाची वडी सुकून चिरफळली होती. ती काढून टाकावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

सत्त्याण्णवमध्ये त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला तेव्हा त्यांनी नव्या साहेबांना सगळं सांगितलं. तोवर जुने साहेब बदलून गेले होते. नव्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आता काय उपयोग? नवं मशीन मंजूर झालंय, कंपनीचा माणूस येत जाईल," ते म्हणाले. "आणि तुम्ही कशाला जाता जाता हे उकरून काढता?" सांगितल्यानं मन हलकं होतं म्हणतात. त्यांचं झालं नाही. ज्याला सांगायचं तो तिथे नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते नरसिंहपूरला गेले. देवळाच्या पायऱ्या उतरून नदीच्या कडेनं चालत गेल्यावर एक पत्र्याचा आडोसा दिसला. वाळूत लाकडी ठोकळ्यांवर एक जुनी बोट, तिच्या पाठीला तसलंच मशीन. पैलतीरावरच्या कुणीतरी लिलावात घेतलेलं होतं ते. धोंडीबा मागे पंख्यापाशी बसला होता. केस पार पांढरे झाले होते.

तो एकटाच होता आणि गिअर तपासत होता. ते कसं, हे श्रीपादरावांना क्षणभर कळेना. मग दिसलं. पुढच्या लिव्हरला त्यानं दोन दोऱ्या बांधल्या होत्या. एक सरळ मागे आणलेली, दुसरी पुढच्या खुंटीला वळसा घालून मागे आणलेली. एक ओढली की लिव्हर मागे यायची, दुसरी ओढली की पुढे जायची. एका हातात दोऱ्या आणि दुसऱ्या हातात पंखा. ओरडून विचारायला नको, कुणी सांगायला नको.

श्रीपादराव तिथेच उभे राहिले. 

धोंडीबानं वर पाहिलं. "भाऊसाहेब? हिकडं कसं?"

"रिटायर झालो. आलो सहज."

"बरं केलं."

तो पुन्हा पंख्याकडे वळला. नदीवरून वारा येत होता.

"धोंडीबा, त्या दिवशी मी पंखा..."

"फिरवलाच न्हवता," धोंडीबा म्हणाला. दोरी ओढता ओढता, वर न बघता. "ठावं हाय. येवढं ग्रीस हुतं आनि तुमी कोरड्या हातानं येष्टीला गेला. तुमी गेल्यावर ध्यानात आलं माज्या. म्हनलं, पुन्यांदा बघावं. पर एकट्याला कसं बघाया येनार? म्हनलं, भाऊसाहेब बोलल्यात तर पडला आसंल."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"फेरं म्या मोजलं हुतं. पत्र आलं आनि मोजनी चुकली. चूक माझीच की." त्यानं पंखा थांबवला. "साहेबाम्होरं म्या तुमच्याकडं बघितलं हुतं, भाऊसाहेब."

"हो."

"तुमी वही वाचत हुता."

"हो," श्रीपादराव म्हणाले.

  श्रीपादरावांनी खांद्यावरची पिशवी वाळूत ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"मी धरू का पंखा?"

धोंडीबा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग दोऱ्यांकडे. नको म्हणेल, असं श्रीपादरावांना वाटलं, आणि म्हणाला असता तर ते मुकाट्यानं परत फिरले असते. धोंडीबा उठला, गुडघ्यावर हात टेकत बोटीत चढला आणि लिव्हरच्या दोऱ्यांच्या गाठी सोडू लागला. गाठी जुन्या, घट्ट बसलेल्या होत्या. त्याला वेळ लागला. दोऱ्या गुंडाळून त्यानं बाकाखाली ठेवल्या.

"फुडं टाकला."

श्रीपादरावांनी दोन्ही हातांनी पंखा धरला आणि फिरवला. तो अडला. "पडला."

"मधी."

पंखा गरगर फिरला. "मोकळा."

"मागं."

त्यांनी फिरवला. पंखा फिरतच राहिला. त्यांनी पुन्हा फिरवला, पाती धरून, जोर लावून. आतून बारीक कडकड आली, पण तो अडला नाही.

"नाही पडला," ते म्हणाले.

"नीट बगा."

"बघितलं. दोनदा बघितलं. नाही पडत."

धोंडीबा उतरून आला, पाना लावला, सळईला अर्धा फेरा दिला आणि परत वर गेला. "आता?"

पंखा घट्ट अडला. श्रीपादरावांच्या मनगटापर्यंत काळं ग्रीस आलं होतं. "पडला," ते म्हणाले.

"पुन्यांदा तिन्ही."

त्यांनी पुन्हा तिन्ही केले. मग आणखी एकदा, धोंडीबानं न सांगता. नंतर धोंडीबा आपले पाने पेटीत भरत बसला आणि श्रीपादराव शेजारी उभे राहिले. चहाचं त्यानं विचारलं नाही. टाकता का, असं आपणच म्हणावं, हे त्यांच्या ओठावर आलं होतं. तेवढं काही त्यांच्यानं झालं नाही. बुद्धभूषणकडे जाणार का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, बघू, दिवाळीनंतर. पुढे तो गेलाही, आणि दीड वर्षानं तिथेच वारला. त्या दिवसानंतर त्यांची भेट झाली नाही.

श्रीपादराव पिशवी उचलायला वाकले. हात काळे होते, पिशवी पांढरी होती, म्हणून ते थबकले.

"साबण तितं हाय, पत्र्यामागं, घाटाच्या भितीतल्या कोनाड्यात," धोंडीबा म्हणाला.

"असू दे."

"धुवा की सावकाश. येष्टीला येळ हाय अजून."